अंबाडीचा वाफा

अंबाडीची भाजी शिजताना तो आंबूस वास घरभर पसरला की मला कॅनडातल्या विंडसरची ती दुपार आठवते. आसपास ताजी भाजी मिळेल असं एक दुकान नव्हतं, म्हणून वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी चर्चमागच्या पडीक जागेत वाफे केले होते. त्यातल्या थोरल्या बाईंनी मलाही एक वाफा दिला आणि मी त्यात नागपूरहून आलेलं अंबाडीचं बी पेरलं. अंबाडीचं पान थेट गांजासारखं दिसतं, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तेव्हा गांजाला बंदी होती. कुणीतरी फोन केला आणि दोन पोलीस आत आले, एकाचा हात पिस्तुलावर. बियांची पुडी दाखवायला मी एप्रनच्या खिशाकडे हात नेला, तशा बाई ओठ न हलवता म्हणाल्या, "खिशात हात घालू नकोस." त्यांचे मातीचे हात केव्हाच वर गेले होते. "ही भाजी आहे, मी लावलीय," मी सांगितलं, तरी पिस्तुलावर हात असलेला तो पोलीस बाईंनाच दरडावत राहिला. "एक पान खाऊन दाखवू का?" बाईंनी विचारलं. त्यानं मान डोलावल्यावर त्यांनी हळूच पान तोडलं आणि आयुष्यात कधी न चाखलेलं ते आंबट पान चेहऱ्यावरची रेषही न हलवता चावून गिळलं. पोलीस गेले, तेव्हा कुठे त्या थरथरायला लागल्या. आजही पोलिसांची गाडी दिसली की माझे हात आपोआप खिशातून बाहेर येतात. मी हे पन्नाशीत शिकले; त्या कितव्या वर्षी शिकल्या असतील?