अष्टपैलू

आमच्या घरात पाऊल टाकलं की तो आधी पायपुसण्यावर बूट घासायचा आणि विचारायचा, "बोल डॉक, कुठं उभा राहू?" शिडी धरायची असो, सोफा हलवायचा असो नाहीतर गणपतीची आरती असो. सांगाल तिथं उभा. एका वर्षी त्याच्या हातात झांजा दिल्या, तर पठ्ठ्याने त्याही वाजवल्या, आणि आमच्या काही मंडळींपेक्षा तालात.

नॉटिंगहॅमला आमच्या भिंतीला भिंत लागून तो राहायचा. वेल्समधल्या कोळसाखाणीच्या गावचा, पंधरा वर्षं पोटासाठी फुटबॉल खेळलेला. आता आमचं फुटबॉलचं ज्ञान म्हणजे आनंदीआनंद. बचाव, मधली फळी, आघाडी, सगळीकडे तो खेळलाय, एकदा गोलकीपरचा हात मोडला तेव्हा गोलातही उभा राहिलाय, एवढं ऐकूनच मी भारावले. गणपतीत सगळ्यांसमोर त्याची ओळख करून दिली, "हा आमचा अष्टपैलू खेळाडू," आणि त्याला इंग्रजीत अर्थही सांगितला. क्रिकेटवर वाढलेली माणसं आम्ही. आमच्यात यापेक्षा मोठा हार नाही.

तो हसला. मग स्वयंपाकघरात पातेली पुसताना हळूच म्हणाला, "तेवढं म्हणू नकोस, डॉक. मॅनेजर मला असंच म्हणायचे. माझी जागा काढून घ्यायचे त्या दिवशी."

"म्हणजे?"

"जो कुठंही चालतो, त्याला कुठूनही हलवता येतं. वेल्सच्या संघातही बोलावलं एकदा. कोण जखमी होतोय याची वाट बघत नव्वद मिनिटं बाकावर बसलो. ट्रॅकसूट उतरलाच नाही."

"तुला कुठं खेळायचं होतं?"

"सेंटर हाफ. बचावाच्या मधोमध, पाच नंबर. एक अख्खा सीझन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढे तो विसरायला लागला. किल्ल्या, वार, शेवटी आमचं दारही. पंधरा वर्षं डोक्याने मारलेले चेंडू आता परत येतायत, असं त्याची बायको म्हणायची. अजून भान होतं तेव्हा एकदा कुंपणापाशी त्याने माझा हात धरला. "या घरातनं मला हलवू देऊ नकोस. बायको ऐकेल तुझं." मी म्हटलं, "नाही हलवू देणार." डॉक्टरांनी असे शब्द देऊ नयेत, हे मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

त्या हिवाळ्यात त्याला उठवताना बायको पडली आणि तिचा खुबा मोडला. तिने मला विचारलं, काय करू. आणि मीच म्हटलं, केअर होम बघू. दुसरा मार्ग नव्हता, असं मी अजूनही स्वतःला सांगते. पटत नाही.

गाडीतून मीच नेलं त्याला. त्याने हट्ट केला असता तर बरं झालं असतं. तिथल्या पायपुसण्यावर त्याने बूट घासले आणि नर्सला विचारलं, "कुठं उभा राहू?" तिने खोली दाखवली. तो दारात थबकला, माझ्याकडे वळला.

"डॉक, कुणाच्या जागी?"

"कुणाच्याच नाही. ही तुझीच खोली," मी म्हटलं.

दारावर आदल्या आठवड्यात वारलेल्या माणसाच्या नावाची पट्टी होती. उद्या बदलते, असं नर्स म्हणाली.

सात आठवड्यांनी तोही गेला. त्याचे कपडे आणायला मी गेले, तेव्हा दारावर तीच पट्टी होती.