साहेबांचं भाषण आणि यमुनेपलीकडची धूळ

आमच्या खात्याचे साहेब माइकवर पूर्वसूचनेचं महत्त्व सांगत होते आणि त्यांच्या पाठीमागे, यमुनेच्या पलीकडे, आकाश तपकिरी होत चाललं होतं. ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. साहेबांना दिसत नव्हतं, कारण त्यांचं तोंड आमच्याकडे होतं. मी पहिल्या रांगेत मांडीवर फॉर्म घेऊन बसले होते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी दिल्लीत एका सरकारी खात्यात होते. वादळ, पूर वगैरेंची पूर्वतयारी हे आमचं काम. खात्यानं तेव्हा नवीन टूम काढली होती: जी वसाहत वादळासाठी तयार असेल, तिला 'वादळसज्ज' असं सर्टिफिकेट द्यायचं. यमुनापार, म्हणजे नदीच्या पूर्वेला, सोसायट्या भराभर उभ्या राहत होत्या आणि मे-जूनमध्ये तिथे आंधी यायची. आंधी म्हणजे धुळीचं वादळ. राजस्थानकडून येतं, भर दुपारी दिवे लावायला लावतं आणि गच्चीवर जे बांधलेलं नसेल ते खाली आणून टाकतं. आमच्या फॉर्मवर चारच प्रश्न. इशारा घ्यायला फोनवर कोणी आहे का? तो दहा मिनिटांत सगळ्यांना कळतो का? आसऱ्याची जागा ठरलेली आहे का? आणि गच्चीवर, आवारात सुटं काही नाही ना?

मयूर विहारमधल्या या सोसायटीच्या सेक्रेटरी होत्या शमीमताई इनामदार. मूळच्या साताऱ्याच्या, टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेल्या. आदल्या वर्षीच्या आंधीत गच्चीवरचा पत्रा उडून त्यांच्या मिस्टरांच्या खांद्यावर पडला. सोळा टाके. तेव्हापासून ही बाई हात धुऊन गच्च्यांच्या मागे लागली होती. जुने कूलर, मोडक्या खाटा, पत्रे, सगळं हटवलं. लोक वैतागले. शेवटी कमिटीनं अट घातली: सर्टिफिकेट आलं तर गच्च्या रिकाम्या राहतील, नाही आलं तर ज्याचं त्याचं सामान परत वर.

"सुनंदा, तेवढा कागद मिळू दे गं बाई," त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या. "इथे माझं कोणी ऐकत नाही. शिक्क्याचं ऐकतात."

आता गंमत ऐका. साहेब स्वतः येणार म्हटल्यावर आमच्याच ऑफिसनं सोसायटीला पत्र धाडलं, की प्रमुख अतिथींसाठी समुचित व्यवस्था करावी. दिल्लीत समुचित व्यवस्था म्हणजे शामियाना. लाल-पांढरा, झालरीवाला. शिवाय स्टेज, सोफा, बॅनर आणि दोनशे फायबरच्या खुर्च्या. वादळाच्या तयारीची पाहणी, मे महिना, आणि आवारात हे एवढं मोठं शीड! गेटमधून आत शिरले आणि मला हसूच फुटलं. मला हसायचा रोग आहे आणि तो नको तिथेच उपटतो. हे काय, म्हणून शमीमताईंना विचारलं तर त्यांनी आमचंच पत्र माझ्या नाकासमोर धरलं. चौथ्या प्रश्नाचा निकाल तिथेच लागला होता.

तर भाषण चालू होतं. तेवढ्यात सोसायटीच्या ऑफिसातून भटनागर आंटी लगबगीनं आल्या. इशाऱ्याच्या फोनवर त्यांची ड्यूटी होती. त्यांनी शमीमताईंच्या हातात चिठ्ठी दिली: आंधी निघाली आहे, वीस मिनिटांत पोचेल. म्हणजे पहिला प्रश्न पास. शमीमताईंनी ती चिठ्ठी रीतसर साहेबांपुढे सरकवली.

आता भाषणात चिठ्ठी आली की वक्ता काय समजतो? आवरतं घ्या. साहेबांनी ती न वाचताच घडी करून खिशात घातली आणि हसून म्हणाले, "मुझे चिट भेजी जा रही है, लेकिन विषय गंभीर है."

आणि नव्या जोमानं सुरू झाले. इशारा दुर्लक्षित केल्यानं काय होतं, या मुद्द्यावर.

लोक चुळबुळत होते, पण उठेना कोणी. प्रमुख पाहुणे बोलत असताना उठायचं कसं? मी तरी कुठे उठले? माझा वार्षिक गोपनीय अहवाल साहेब लिहायचे. मी ओठ दाताखाली धरून हसू दाबत होते. शमीमताईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आकाशाकडे. साहेबांना मध्येच तोडलं तर कागद गेला, हे त्यांना कळत होतं. त्या स्टेजवरून उतरल्या, गेटाजवळ घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्यापाशी गेल्या आणि लोखंडी दांडक्यानं ठणाठणा बडवायला लागल्या.

सवयीनं मी घड्याळ पाहिलं.

काय सांगू तुम्हाला! दोनशे माणसं, एकाची धावपळ नाही. आसऱ्याची जागा म्हणजे इमारतींचे जिने, आणि प्रत्येक जिन्याला एक जण नेमलेला. आधी म्हातारे आणि पोरं, मग बाकीचे. खुर्च्यांच्या चळती पार्किंगच्या खांबांना बांधल्यासुद्धा. स्टेजवर साहेब एकटे उरले, हातात माइक.

"ये क्या बदतमीज़ी है?" त्यांनी विचारलं.

"सर, भाषण बाद में. पहले अंदर," शमीमताई म्हणाल्या आणि त्यांना कोपराला धरून जिन्याखाली घेऊन आल्या.

मग आंधी आली. शामियाना आधी फुगला, मग बांबूंसकट उठला, दुसऱ्या मजल्यासमोरून डौलात गेला आणि शेजारच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीला जाऊन गुंडाळला. जिन्याखाली आम्ही खच्चून भरलेलो. कोणीतरी पाहुण्यांसाठीची कचोरीची पाकिटं वाटायला काढली आणि सगळे असे हसत सुटले, की जणू लग्नाची वरात तिथे येऊन अडकली होती. माझं तर विचारूच नका, डोळ्यांतून पाणी.

साहेबांच्या मिशीत धूळ होती. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तशी चिठ्ठी खाली पडली. उचलून त्यांनी ती वाचली. बराच वेळ वाचली, आणि होती एवढीशी.

"कितना समय लगा?" त्यांनी मला विचारलं.

"सात मिनट, सर. किसी को खरोंच तक नहीं."

"और चौथा सवाल?"

"फेल, सर. शामियाना." मी घसा खाकरला. "हमारे ही ऑफ़िस के पत्र पर लगा था."

शमीमताईंनी माझा हात घट्ट धरला होता. मग साहेबांनी माझ्याकडून फॉर्म घेतला आणि चौथ्या प्रश्नासमोर स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "दोष विभाग का." फॉर्म मला परत दिला. मी सही केली. शमीमताई एवढ्या माणसांत हमसून रडल्या. मीही रडले, हसतच.

सर्टिफिकेट पोस्टानं आलं, समारंभाशिवाय. त्या गच्च्या मी नंतर दोन वर्षं तपासल्या. वाळत घातलेला पापडसुद्धा सापडला नाही.

मी मात्र एक शिकले. फोन, घंटा, जिने, सगळं असलं तरी वेळेला साहेबांना मध्येच तोडणारं माणूस लागतं. म्हणून फॉर्ममध्ये पाचवा प्रश्न घालायला मी सुचवलं: वसाहतीत असं कोणी आहे का? फाईल वरपर्यंत गेली आणि चार महिन्यांनी परत आली. शेरा होता, "साहेब म्हणजे कोणत्या दर्जापर्यंतचे, ते स्पष्ट करावे."