दांडा डिकीत

"पाणी चढलंय, पण दांडा काकांच्या बुडाखाली हाय," तळ्याच्या बांधावर कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही. बांधाखालच्या गल्लीत आमचं घर आहे.

तळ्याचं पाणी नाल्यात सोडायचं दार ज्या लोखंडी दांड्यानं उघडतं, तो काका स्कूटरच्या डिकीत ठेवतात. एका उन्हाळ्यात कुणीतरी उसासाठी गुपचूप पाणी सोडलं आणि तळं आटून मासे मेले, तेव्हापासून. तळं वाचवणाऱ्या आमच्या गटात मी पोस्टर करते. काका राखण करतात; पहाटे तळ्यात म्हशी धुणाऱ्यांना हाकलतात आणि मग त्यांच्याकडचंच धारोष्ण दूध पितात. माझं पोस्टर बघून म्हणाले होते, "मॅडम, मराठीत लिवा की. म्हशीस्नी इंग्लिश येत न्हाय." मी पोस्टर तसंच चिकटवलं होतं. त्यांचं नावही मी कधी विचारलं नाही.

आज पावसात ते छत्री धरून स्कूटरवर ठाण मांडून बसले होते. "आता सोडा, आन् एप्रिलात टँकर मागवा," ते प्रत्येकाला ऐकवत होते. ते खरं होतं, म्हणूनच जास्त चीड येत होती.

तेवढ्यात आईचा फोन आला. बांधाच्या खचलेल्या कोपऱ्यावरून पाणी गल्लीत उतरून घरात शिरलं होतं. मी काकांसमोर जाऊन उभी राहिले.

"काय मॅडम?"

"काका, उठा. तुमचं तळं आमच्या स्वयंपाकघरात आलंय."