जात्यावर बसणारा शिनिमावाला

आमच्या भावजींसारका माणूस आख्ख्या सोलापुरात दुसरा घावायचा न्हाय, आन् त्येंच्या हाताला इसावा कसा तो ठावंच न्हाय. भावजी म्हंजी आमच्या ह्यांचं मावसभाऊ. फोटूच्या पेटीनं सोता शिनिमा काढायचं आन् बैलगाडीतनं गावोगाव न्हिऊन फुकट दावायचं; पाणी उकळून प्या, लेकरांना देवी टोचून घ्या, असलं शिकवायचं. पेटीचं हँडल एका चालीत फिरवाया लागतं, म्हून हात बसावा म्हणत पहाटं आमच्या जात्यावर येऊन बसायचं. मिशांना पीठ, आन् आळीतल्या बाया दारात तोंडाला पदर लावून उभ्या. आत्याबाई, माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "आरं, आता एक ओवी बी म्हण की." तर म्हणायचं, "मावशी, चाल चुकंल." पाळणा बी त्याच चालीत हलवायचं, आन् माझं पोरगं तेवढ्यानंच निजायचं. मला न्हाय जमायचं ते.

एकदा म्हणले, "वैनी, बाळाला टोचताना फिल्लम घिऊ द्या. बाया माझं आयकत न्हाईत, बाळाला बगून आयकतील." मी बाळाला पदराखाली घेतलं. एक तर सुई, वर फोटूनं आयुष्य कमी हुतं म्हणत्यात, आन् गावोगावची नजर लागंल ती येगळीच. मी दुसरीपतुर शिकलेली, खरं काय खोटं काय मला कुटनं कळावं? पर शेजारची लेक देवीनं गेली ती मी बगितली हुती. व्हय म्हणलं आन् गालावर रुपयाएवढी तीट लावली. बाळ रडलं, भावजी बी रडलं, हात मातर थांबला न्हाय. मग बाळाला ताप आला, मी देव पाण्यात घातलं, तवा कुटं उतरला.

सांगोल्याला चादरीवर फिल्लम दावली तवा मी बी गेलते, भीतभीत. बाळ ह्ये एवढं, भित्तीएवढं. टोचलं, रडलं, तशी एक म्हातारी घरातनं मीठ-मोहऱ्या घिऊन आली आन् चादरीवरच्या बाळाचीच दृष्ट काढाया लागली. तिच्या मागं दुसरी, तिसरी. सावल्या पडून शिनिमाच दिसंना. भावजी हँडल फिरवतच म्हणले, "काढा आयांनो, सावकाश काढा." सकाळी त्याच बाया पोरं काखेत मारून टोचाया हजर.

आता माझं पोरगं नवी पेठ धुंडून येतंय. भावजी हिंडत्यातच, लई दिसांनी दिसत्यात. मागल्या खेपंला म्हणले, फिल्लम झिजली, बाळाचं तोंड पुसट झालंय. म्हणलं, "भावजी, पोराला काय हुईल का हो?" त्येंनी पोराला कसाबसा उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "वैनी, झिजतंय ते चित्र. ह्यो बगा, उचलंना झालाय."

कुटल्या गावची कोण बाई, मी न बगितलेली, माझ्या लेकराची दृष्ट काढत आसंल, आसं जात्यावर बसलं की मनात येतं, आन् हात आपसूक भावजींच्या चालीत फिरतो.