शेंदराखाली राहिलेला कान

आदरणीय दौलत गुरुजींची आणि माझी ओळख भांडणातून झाली. कॉलेज अर्धवट सोडून मी वाशीमला परतलो होतो, डोकं कायम तापलेलं. विहाराशेजारच्या खोलीत गुरुजींनी मांडलेल्या छोट्या संग्रहालयात मी गेलो तोही, खरं सांगायचं तर, सुमन दर रविवारी आईबरोबर तिथे येते म्हणून.

आत रिठद गावच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आणलेलं बुद्धांचं दगडी शिर होतं. मागच्या कुरळ्या केसांवरून तेवढी ओळख पटायची. चेहरा शेंदराने पार बुजलेला.

"आपल्या बुद्धाले म्हसोबा करून ठेवलं! आना पटाशी, आत्ता खरवडतो!" मी ओरडलो.

"खरवड," गुरुजी म्हणाले. "शेंदूर निंघल, संगं नाकबी निंघल. मंग दुसरं नाक तू देशीन काय?"

तो शेंदूर रिठदच्याच गिरजाआजींच्या घराने देव मानून पिढ्यान् पिढ्या लावलेला. आजी म्हणाल्या तर शिर परत करायचं, असा शब्द देऊनच गुरुजींनी ते आणलं होतं. आमची मंडळी चिडली, 'तिले कायले विचारायचं?' गुरुजी बधले नाहीत. "तिच्या घरानं जपलं म्हणून हे राह्यलं. पहिला पापुद्रा तिच्याच हातानं निंघल." स्वतः एस.टी.ने जाऊन ते आजींना घेऊन आले.

"मास्तर, माह्या देवाले उघडं करून राह्यले काय?"

"नाही माय. तोंड धून राह्यलो."

"म्हंजे इतके दिस पारोसाच होता म्हना!" आजी हसल्या. मग गंभीर झाल्या. "पन डावा कान राहू द्या. लेकराच्या तापापासून समदं त्याच कानात सांगेल हाय म्या."

गुरुजींनी तिथल्या तिथे मान्य केलं.

मग काम सुरू झालं; चार पोरांबरोबर मीही हाताशी लागलो. टर्पेंटाइनचा कापूस ठेवायचा, शेंदूर मऊ झाला की बांबूच्या काडीने उचलायचा. काडी देण्याआधी गुरुजी आमचे चेहरे निरखत. सुमनचं लग्न ठरल्याचं कळलं त्या दिवशी मला म्हणाले, "आज काडी नाही. नुसता कापूस धर." मी धरून बसलो.

"रडायचं त रड लेका, पन थेंब दगडावर नको पाडू. मीठ रायते त्यात."

संध्याकाळी कापूस उचलला, तर खाली ओठ! इतकं शांत हसू मी कुणाच्या तोंडावर पाहिलं नव्हतं. माझी मूठ आपोआप उघडली.

डोळे उघडे झाले तेव्हा गुरुजींनी पुन्हा आजींना आणलं. अर्धमिटल्या पापण्या पाहायला खोलीतले लोक पुढे वाकले. नास्तिक, आस्तिक, सगळे.

"हा त झोपेल हाय!" आजी पुटपुटल्या.

"झोपेल नाही माय. आत पाहून राह्यले."

आजींनी पदर सावरला, शेंदराने माखलेल्या डाव्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी बोलल्या. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय मागितलं?

"मास्तरले लय वर्सं दे म्हनलं. आनखी काय?"

बुद्धांकडे मागणं मागायचं नसतं, हे मला गुरुजींनीच शिकवलं. तरीही आज त्यांच्या साठीच्या दिवशी मी त्या कानाशी वाकणार आहे. गुरुजी निरोगी राहोत, खूप जगोत, आणि आमच्या हाती काडी देण्याआधी असेच आमच्या तोंडाकडे पाहत राहोत.