भैरूचा डावा पंजा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय. मध्येच अडखळलो तर अडखळू द्या.

भैरू मी आणला. पिल्लू असताना, धनगराच्या मेंढवाड्यातून, उपरण्यात गुंडाळून. त्याचा मोठा काळा कुत्रा झाला. सकाळी अडीच आणि संध्याकाळी अडीच भाकरी मीच मोडून घालायचो. पण शेवटचा तुकडा संपला की तो उठायचा आणि माझ्या धाकट्या भावामागे, रामदासमागे, शेतात जायचा. रामदास ओरडायचा, "भाऊ, भाकर तुन्ही अन् शेपूट मन्ही!" सगळं घर हसायचं. मीही हसायचो. पण आतून जळायचो — कुत्र्याच्या शेपटीवरून कुणी जळतं का?

आमच्या पारोळ्याच्या घरी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदेमळणीला, रामदास बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतो आणि खूर मी तपासतो. बैलांमागून भैरूचे पंजेही माझ्याचकडे. त्या वर्षी पुढच्या डाव्या पंजाचं एक बोट सुजलेलं दिसलं. नख मुळातून उचललेलं, खाली ओलं मांस. काटा नव्हता. मी दोनदा पाहिलं.

आणि — मला ते ओळखू आलं. आमचा आधीचा कुत्रा असाच गेला होता. तेव्हा धुळ्याच्या ढोरांच्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं: मोठ्या काळ्या कुत्र्यांची बोटं बघत जा. नख उचललं, सूज उतरेना, तर ती वाईट गाठ असू शकते. थांबू नका, बोट वेळेत काढलं तर कुत्रा वाचू शकतो. घरात हे फक्त मला माहीत होतं.

"भाऊ, काय शे?" रामदासने विचारलं.

"काटा शे. बिब्बा लाव."

काट्यावर आमच्याकडे बिब्ब्याचा चटका देतात, म्हणून कुणाला संशय आला नाही. का बोललो मी तसं? लंगडा झाला तर शेतात जाणार नाही. ओट्यावर राहील. माझ्याजवळ. एवढाच हिशेब होता. तेव्हा महायुद्ध चालू होतं; पेट्रोलअभावी धुळ्याला जायला मोटारी मिळत नव्हत्या, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. पण बैलगाडी घरची होती, बैल घरचे होते.

बिब्ब्याने कातडी जळाली. गाठ वाढतच गेली. फडकं मी बदलायचो. दिवाळीपर्यंत भैरूचं शेत सुटलं. संध्याकाळी लंगडत ओट्यावर यायचा आणि तो पंजा आपणहून माझ्या मांडीवर ठेवायचा. रामदास समोर बसून बघायचा. एकदा डोळे पुसत म्हणाला, "भाऊ, आते तो तुन्हा व्हयना." आता तो तुझा झाला, म्हणे.

आणि मला — हातात तो पंजा असताना, त्याला घाण येत असताना — बरं वाटलं.

थंडीत भैरू गेला. रामदास अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, भाऊने त्या कुत्र्याची फार सेवा केली. मी तिथेच बसलेला असतो.