पळसाच्या पानांचा धूर

भुताखेतांच्या गोष्टी मी शाळेत मुलींनाही सांगू देत नाही. मला प्रत्येक गोष्टीची वेळ, जागा आणि कारण लागतं. ह्या एका गोष्टीची वेळ आणि जागा माझ्याकडे आहे, कारण नाही... म्हणून इथे लिहिते आहे. कोणा वाचकाला सुचलं तर जरूर कळवावं.

मी रत्नागिरीत मुलींच्या शाळेत मुख्य शिक्षिका आहे. शाळेतल्या माझ्या दोघी मैत्रिणी – शिवण शिकवणारी, तोंडाने फटकळ अनसूया, आणि पहिलीचा वर्ग घेणारी द्वारका. द्वारकेचे यजमान विनायकराव नोकरीसाठी ब्रह्मदेशात गेले. रंगूनहून एक पत्र आलं, पुढे काहीच नाही. माझा धाकटा भाऊ रंगूनलाच कारकून आहे. त्याने चौकशी केली, पण पत्ता लागला नाही.

परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. त्यानंतर तो माणूस गेला असं धरतात, आणि बायकोने कुंकू पुसायचं. तेरावं वर्ष लागताच द्वारकेच्या दिराने विषय काढला. ती कोणाचंच ऐकेना. शेवटी मीच तिला बसवून सांगितलं, की हे अधांतरी जगणं पुरे, एकदा काय ते रडून घे आणि मोकळी हो. दोन दिवसांनी ती म्हणाली, "तू म्हणतेस तर करू."

सामानाची यादी मी केली. पळसाची पानं तीनशे साठ, डोक्याच्या जागी नारळ, दर्भ, जवाचं पीठ, लोकरीचा धागा. कार्तिक वद्य एकादशीला सकाळी साडेआठ वाजता दिराने माडांच्या आगराच्या टोकाला पुतळ्याला अग्नी दिला. पानं ओली होती, धूर फार झाला. परसदारी मी द्वारकेजवळ बसले होते, तिथपर्यंत वास आला. ती रडली नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत भावाने आम्हा तिघींना रंगूनला बोलावलं. द्वारका येणार नाही असं वाटलं होतं, पण तीच आधी तयार झाली. ते गेले ते गाव एकदा बघू दे, म्हणाली. मुंबईपर्यंत बोट, कलकत्त्यापर्यंत रेल्वे, पुढे तीन दिवस समुद्र. अनसूयेने ते तीनही दिवस ओकण्यात घालवले.

रंगून म्हणजे नुसती वर्दळ! ट्राम, हातरिक्षा, चिनी, मद्रासी, चिरूट ओढणाऱ्या बर्मी बायका – रस्ता ओलांडायचा तर आम्ही तिघी हात धरून उभ्या. मी रोजचं टाइमटेबल केलं होतं. सहा वाजता सोन्याचा पॅगोडा, नऊला तळं, अकराला बाजार. अनसूया भावाला म्हणाली, "पाहिलंस ना? श्वास घ्यायला कुठे वेळ ठेवलान हिने?" पॅगोड्याच्या पायऱ्यांवर तिने छत्री विकणारीशी मराठीतून घासाघीस केली आणि जिंकली. द्वारकाही हसली. पण माझं लक्ष होतं. आम्ही कळस बघायचो, ती माणसांचे चेहरे बघायची. कोणाला शोधते आहे हे बोलायची तिला चोरी... ज्याचा दहावा-बारावा झाला, त्याला कसं शोधणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी बाजारामागच्या गल्लीत देवनागरी पाटी दिसली – खाणावळ. मालक आमच्याच जिल्ह्यातल्या सावर्ड्याचे निघाले. आमची बोली ऐकून त्यांनी भाताबरोबर घरची सोलकढी वाढली, आणि सहज बोलता बोलता म्हणाले, की गेल्या वर्षी तुमच्याकडचे एक गृहस्थ इथेच वरच्या खोलीत राहत होते. बरीच वर्षं वरती जंगलात, लाकडाच्या कामावर होते. काही लफड्यात नोकरी गेली, लाजेने घरी लिहिलं नाही. दिवाळीला मनाचा हिय्या करून रंगूनला आले, घरी जायचं म्हणून. विनायकराव नावाचे.

द्वारकेचा हात पानावरच थांबला. मी विचारलं, आता कुठे आहेत?

"वारले हो बाई. ठणठणीत माणूस. बोटीचं तिकीट काढलेलं, पाचव्या दिवशी निघायचे होते. एकादशी होती, कार्तिकातली वद्य, उपासाला मी चूल पेटवत नाही म्हणून पक्कं आठवतं. साडेनऊला खाली आले नि म्हणाले, पाला कुठे जळतोय? मी म्हटलं, कुठे काय, चूलदेखील गार आहे. तर म्हणे, नाही, ओला पाला जळतोय, डोळे चुरचुरतायत माझे. मग अंगाची आग आग होते म्हणायला लागले. दोन घागरी पाणी ओतलं मी. डॉक्टर येईपर्यंत संपलं."

रंगूनचं घड्याळ आपल्यापुढे साधारण तासभर असतं. हा हिशेब मी तिथे बसल्या बसल्या केला, आणि करायला नको होता असं वाटलं.

"अग्नी कोणी दिला?" द्वारकेने विचारलं.

"मीच दिला. दुसरं कोण होतं?"

ती उठली आणि परक्या पुरुषाला वाकून नमस्कार केलान तिने. मालकांनी वरून ट्रंक आणली. घरचा पत्ता त्यांना ठाऊक नव्हता, कोणी तरी येईल म्हणून कुलूपही तोडलं नव्हतं. आम्ही तोडलं. आत द्वारकेच्या अक्षरातलं एक जुनं पत्र, आणि कोऱ्या घडीचं हिरवं लुगडं. अनसूया भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

बोटीवर मी द्वारकेची माफी मागितली. ती म्हणाली, "तू माझ्या भल्याचंच सांगितलंस." तिने दोष दिला असता तर मला सोसलं असतं.

हृदय बंद पडलं असेल, पित्ताचा झटका असेल, गल्लीत कोणी कचरा पेटवला असेल – सगळं मी मांडून पाहिलं. एकेक पटतं, पण तोच दिवस, तीच वेळ आणि ओल्या पाल्याचा धूर एकत्र बसत नाहीत. परत आल्यावर एका शास्त्र्यांना विचारलं. ते एवढंच म्हणाले, की क्रिया झालेला माणूस जिवंत परतला तर त्याचे जन्माच्या वेळच्या जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करतात, आणि त्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावतात.

हे द्वारकेला सांगावं की नाही ह्यात माझा आठवडा गेला. शेवटी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक आहे मला. आधीच भटजींना विचारून घेतलं होतं. म्हणून तर हो म्हटलं होतं गं."